मुर्ध्याच्या मिठागरात दोन हजार पावलं

हवापालटाला लोक माथेरानला जातात, महाबळेश्वरला जातात, अगदीच हात आखडता असेल तर लोणावळ्याला जातात. मी भाईंदरला गेलो. हे सांगितलं की ऐकणारा क्षणभर माझ्याकडे बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "का हो, तिथे कोणी आजारी होतं का?"

आजारी मीच होतो. आजार सांगण्यासारखा मोठा नव्हता आणि लपवण्यासारखा लहानही नव्हता. गिरगावात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. वर चढताना मी प्रत्येक मजल्यावर थांबून लोकांच्या दारांवरच्या पाट्या वाचत असे. दहा वर्षं त्याच पाट्या वाचणारा माणूस शेजाऱ्यांना विद्वान वाटत नाही, दम लागलेलाच वाटतो. खाल्लेलं पचत नव्हतं. झोप तर मला सोडूनच गेली होती. अंथरुणावर पडलं की दिवसभर वरिष्ठ जे जे बोलले ते पुन्हा ऐकू यायचं, आणि त्यांना जी उत्तरं द्यायला हवी होती ती मी पहाटेपर्यंत तयार करायचो. फार सुरेख उत्तरं असत. ऑफिसात पोचलो की एकही आठवत नसे.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी ना बाटली दिली, ना पुडी. "चाला," म्हणाले. "रोज दोन हजार पावलं. जमीन सपाट हवी, शक्यतो मऊ. मान ताठ, नजर समोर, आणि मनात मोजत राहायचं."

मी चौपाटीवर चालून पाहिलं. सहाशे पावलांवर भेळवाला बसे. पुढची चौदाशे पावलं त्याच्यापाशी बसून विचारात घेतली जात. मग चाळीच्या गॅलरीत चाललो, तर खालच्या बिऱ्हाडातले लोक छताकडे बोट दाखवत वर आले. सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही चाललात की फळीवरची भांडी चालायला लागतात. कुठेतरी लांब जाऊन चाला, आणि चालून झालं की या."

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर उत्तनचा एक ख्रिस्ती गृहस्थ बसतो. तो म्हणाला, "आमच्या घरी जा. समुद्र आहे, डोंगर आहे, माझे वडील आहेत. आठवडाभर चाला." मी पुढच्या सोमवारपर्यंत रजा टाकली.

भाईंदर, सोमवार

गाडीतल्या प्रवासाविषयी काही लिहीत नाही. त्यात मी बसून होतो. स्टेशनबाहेर पडलो तेव्हा माझा थाट बघण्यासारखा होता. डोक्यावर मेहुण्याची सोला हॅट, अंगात त्याचीच खाकी चड्डी आणि कोट, पायांत खास चालण्यासाठी घेतलेले, तळाला खिळे मारलेले बूट, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात वही. दर शंभर पावलांना वहीत एक रेघ ओढायची, अशी माझी योजना होती.

उत्तनची वाट राई, मुर्धा, मोर्वा या गावांवरून जाते. गावं एकाला एक लागून, आणि घरांच्या पलीकडे जिकडे बघावं तिकडे मिठागरं. मार्गशीर्षातलं ऊन गोड होतं. बांधांनी आखलेले चौकोनी वाफे खाडीपर्यंत पसरले होते. काहींत पाणी होतं आणि त्यात ढग पडले होते, काहींत नुसता चिखल. बगळे बांधावर उभे होते, अगदी काही काम नसल्यासारखे. खारा, ओला वास नाकात गेला आणि मला भूक लागली. भूक लागणं ही गोष्ट मी जवळजवळ विसरलो होतो.

मुर्ध्याच्या पुढे एक वाफा दिसला आणि मी थबकलो. ना त्यात पाणी, ना चिखल. करड्या रंगाची, तुळतुळीत, पाटासारखी सपाट जमीन, या बांधापासून त्या बांधापर्यंत. आसपास चिटपाखरू नव्हतं. गिरगावातल्या माणसाला एवढी मोकळी जागा दिसली की ती सरकारने आपल्याचसाठी सोडली आहे असं वाटतं. मी खाली उतरलो. बूट दोन बोटं आत गेले. मऊ! डॉक्टरांनी सांगितली होती अगदी तशी.

मान ताठ, नजर समोर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सत्तर पावलं. वळून पाहिलं तर माझी पावलं ओळीने उमटलेली. आपली प्रगती अशी जमिनीवर लिहिलेली पाहून मला फार समाधान वाटलं. मग शेजारून परत आलो, पुन्हा गेलो, पुन्हा आलो. पाचशेच्या सुमाराला बांधावर पाच-सहा माणसं येऊन उभी राहिली. बायका होत्या, पुरुष होते. पुरुषांनी डोक्याची मुंडाशी काढून हातात धरली होती. मला वाटलं, शहरातलं शास्त्रशुद्ध चालणं बघायला मंडळी जमली आहेत. मी हात जरा जास्तच ऐटीत हलवू लागलो. हजारावर उरलेला कोपरा घेतला. दोन हजार पुरे केले, वहीत शेवटची रेघ ओढली आणि घाम पुसत बांधावर चढलो.

त्यांच्यातला एक वयस्क, काटक माणूस पुढे आला. त्याचं नाव हिराजी, हे मला नंतर कळलं. हात जोडून म्हणाला, "सायेब, माप बराबर हाय ना?"

"कसलं माप?"

"वाफ्याचं. मिठाच्या खात्याचं सायेब ना तुमी?"

"छे छे! मी आपला तब्येतीसाठी चालतोय. डॉक्टरांनी दोन हजार पावलं सांगितली आहेत. झाली आत्ताच."

हिराजीने जोडलेले हात हळूहळू सोडले. मग त्याच्या मागून त्याची बायको, बायजाबाई, पुढे झाली.

"तबेतीसाठी? आठ दिस आमी पायानं तुडवून तुडवून वाफा गुलगुलीत केला, आन् यो बाबा त्याच्यात खिले ठोकून ग्येला! आन् आमी येरी मान्सं, हात जोडून बघताव!"

माझी चूक किती मोठी आहे ते मला तिथेच, उन्हात उभं करून समजावण्यात आलं. मिठाच्या वाफ्याचा तळ असा पायांनी तुडवूनच घट्ट करतात. त्यात एक भोक राहिलं तरी पाणी जिरतं, आणि जे मीठ येतं त्यात चिखल येतो. मी दोन हजार भोकं पाडली होती. रविवारी अमावास्या. त्या दिवशी दुपारी उधाणाची भरती खाडीतून वर चढते, तेव्हा उघाडी उघडून, म्हणजे बांधातली लाकडी फळी उचलून, वाफा भरायचा असतो. ती भरती हुकली की तेवढं पाणी पुन्हा पंधरा दिवसांनी. हिराजीचा हा वर्षातला पहिला वाफा. त्यात पाणी तापलं म्हणजे ते पुढच्या वाफ्यांना मिळणार. हा अडला की सगळेच अडले. त्यातून त्याच्या भावाचा तळपाय कालवाच्या शिंपल्याने कापून तो घरी बसलेला. सहा दिवस हातात, आणि पायांची एक जोडी कमी.

मी फार ओशाळलो. "मी काही करू शकतो का?" असं विचारलं.

शहरात हे वाक्य निरोप घेताना म्हणतात. मुर्ध्यात ते खरं धरतात. बायजाबाईंनी मला हॅटपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझ्या पोटापाशी त्यांची नजर बराच वेळ थांबली.

"वजन हाय चांगलं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "दोन मानसांचं काम करंल. सायेब, बूट काढा."

मुर्धा, मंगळवार ते गुरुवार

उत्तनच्या एका मासेवालीबरोबर तिकडे निरोप पाठवला आणि मी हिराजीच्या पडवीत मुक्काम ठोकला. सकाळी त्याने मला एक पंचा दिला. तो नेसून मी वाफ्यात उतरलो तेव्हा बगळेसुद्धा जरा लांब सरकले.

आधी खड्डे ओल्या मातीने भरून घेतले. मग तुडवणं. ते असं: सगळ्यांनी एकामागे एक रांग धरायची, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि चालायचं. पण चालायचं म्हणजे एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्या पायाची टाच लावायची, दाबायची, मग पुढचं पाऊल. बोटभर जागासुद्धा मधे सुटता कामा नये. जमीन मार्गशीर्षाच्या सकाळी बर्फासारखी गार. पहिल्या फेरीत मी तीनदा पडलो, आणि प्रत्येक वेळी पुढच्याचा खांदा न सोडल्यामुळे तोही पडला. दुसऱ्या फेरीला मला रांगेत सर्वांत पुढे लावलं.

"आता पर बिनघोर," बायजाबाई मागून म्हणाल्या. "तू येकटाच पडशील."

साहेबाचा 'तू' झाला की माणूस घरातला होतो. पण त्यांना टोमणा मारायचा असला की मी पुन्हा साहेब होत असे.

मी सवयीने पावलं मोजायला लागलो. ओठ हलताना दिसले असावेत.

"सायेब, जप करताव का?"

"मोजतोय."

"मोजून काय व्हतं? पायाखाली बघा. तिकडं सुटलं."

खरंच सुटलं होतं. मान ताठ, नजर समोर ठेवून हे काम होत नाही. टाच कुठे पडते, माती दबते की सरकते, तळव्याला कुठे पोकळ लागतं, सगळं ध्यान खाली. दुपारी बांधावर बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून वरिष्ठांची मला एकदाही आठवण झाली नव्हती. त्यांनी यायचं म्हटलं असतं तरी जागाच नव्हती; टाच आणि अंगठा यांच्यामध्ये वरिष्ठ मावत नाहीत.

आणखी एक गोष्ट. सहा-सात वर्षांपूर्वी मिठासाठी सारा देश चालायला निघाला होता. तेव्हा मी आमच्या गॅलरीत उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या आणि खाली उतरायचा कंटाळा केला होता. ते राहिलेलं चालणं आता मी मुर्ध्यात पुरं करत होतो.

जेवायला तांदळाची जाड भाकरी आणि चिंबोऱ्यांचा रस्सा. मासे आम्हीही खातो, पण आमच्या घरी खेकडा पोचतो तेव्हा त्याचा राग शांत झालेला असतो. इथे तो टोपलीतून माझ्या बोटाला धरूनच स्वयंपाकघरात गेला. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. पाचवी बायजाबाईंनी न विचारता टाकली. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात आणि त्याने नको म्हणायचं असतं. इथे आग्रह नाही, ताटात पडलं की खायचं, आणि खाल्लं नाही तर "वाफ्यात काय ताकद लावशील?" असं विचारतात. पडवीत घोंगडीवर आडवा झालो, आणि उघडले डोळे ते कोंबड्याच्या आवाजाने. मधे काय झालं ते मला ठाऊक नाही. कितीतरी वर्षांत मला असं काही ठाऊक नसण्याचा योग आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी माझ्या मांड्या माझ्याशी बोलत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी बोलू लागल्या. गुरुवारी संध्याकाळी हिराजी वाफ्यात उकिडवा बसला, तळहाताने जमीन चापटली आणि मी तुडवलेल्या पट्ट्याकडे बोट केलं. "हा तुकरा चांगला दबलाय. कोनाचा?"

"जाड्या सायबाचा," बायजाबाई म्हणाल्या.

आयुष्यात माझ्या वजनाचं कौतुक झालं ते एवढंच.

उत्तन, शुक्रवार

शुक्रवारी वाफा वाळू द्यायचा होता. मला सुट्टी. मी अनवाणीच उत्तनला निघालो. बूट पायांत शिरेनात. मोर्वा मागे पडलं, डोंगरीची चढण लागली. वर पोचल्यावर एकदम समुद्र दिसला, खाली ख्रिस्ती लोकांचं पांढरं देऊळ, आणि किनाऱ्यावर बांबूंच्या आडव्या वलांडींवर हजारो बोंबील उलटे टांगलेले, चाळीतल्या धुण्यासारखे.

माझ्या सहकाऱ्याचे वडील पास्कूबाबा दारातच जाळं दुरुस्त करत होते. पंच्याहत्तरीचे असतील, पण पाठीचा कणा काठीसारखा सरळ.

"तू तो चालनारा?" त्यांनी विचारलं. मुर्ध्याची बातमी मासेवालीने माझ्याआधी, आणि बरीच मीठमसाला लावून, पोचवली होती.

"हो. तब्येतीसाठी चालतो."

"मी पन चालताव. सकाली देवलान, मंग जाल्यांकडं, मंग बंदरावर, मंग घरी जेवाला." त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. "तबेतीचा इचार कराला टाइम कवा मिलतो तुला?"

याचं उत्तर पहाटेपर्यंत जागून तयार करावं, असं मला प्रथमच वाटलं नाही.

सुनेने ओल्या बोंबलांचं लालभडक कालवण वाढलं. इथे उन्हाळ्यात मसाला कांडून काळ्या बाटल्यांत ठासून भरतात. आमच्या घरी बाटलीत औषध असतं. डोळ्यांतून पाणी येणं, कान गरम होणं, अंगाला घाम फुटणं, परिणाम साधारण तोच, फक्त इथे दुसऱ्यांदा मागावंसं वाटतं. मी दुसऱ्यांदा मागितलं.

जेवून बंदरावर गेलो. पास्कूबाबांनी ओठ आवळून हवेचा वास घेतला. "वारा बघ. समुद्रावरना फिरला. आवसेच्या उधानाला यो वारा लागला का पानी रोजच्यापेक्षा वर चरतं. उद्याच चरंल. बांध कच्चा आसंल तं पलीकडं सांडंल."

वाफ्याची शेवटची तुडवण शनिवारी दिवसभर व्हायची होती. शनिवारच्याच भरतीला पाणी बांधावरून आत सांडलं तर अर्धवट तळ भिजून पुन्हा चिखल! हिराजीला आत्ताच कळवायला हवं. मी पास्कूबाबांचा निरोपसुद्धा नीट घेतला नाही. डोंगरीची चढण चढलो, पलीकडे उतरलो, मोर्व्यातल्या कुत्र्यांनी केलेली चौकशी मागे टाकली आणि सरळ मिठागरावर येऊन ओरडलो, "हिराजी! वारा फिरलाय! उद्याच पाणी चढणार!"

हिराजी बांधावर चिखलाचा थर चढवत होता. सगळी माणसं तेच करत होती. "ठावं हाय," तो म्हणाला. "सकालीच नाकाला लागला वारा. तू ग्येल्यावर मान्सं लावली."

एवढी मोठी बातमी घेऊन आलेल्या माणसाचा याहून मोठा अपमान होत नसेल. बायजाबाई मात्र माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"सायेब, उत्तनवरना आता आयलाव?"

"हो."

"वाटंत कुठं बसलाव?"

मी आठवून पाहिलं. कुठेच बसलो नव्हतो. चार मैल, त्यात डोंगरीची चढण, आणि मी उभा राहून बोलत होतो! धापा टाकायच्या राहूनच गेल्या होत्या.

"मंग ही पाटी घ्या," बायजाबाई म्हणाल्या आणि चिखलाची पाटी माझ्या डोक्यावर ठेवली.

मुर्धा, अमावास्या

शनिवारी पाणी बांधाच्या कडेला चार बोटांवर येऊन थांबलं. आम्ही आत टाचा दाबत होतो आणि पलीकडे खाडी बांधाला चाटत होती. अंधार पडायच्या आत शेवटचा कोपरा संपला.

रविवारी दुपारी उधाण भरलं. हिराजीने उघाडीची फळी उचलली. पाणी फेसाळत आत आलं, मग मंदावलं, आणि आमच्या आठवडाभराच्या पावलांवरून सरकत चाललं. सगळे बांधावर वाकून एकच गोष्ट शोधत होते, बुडबुडे. बुडबुडा आला की खाली पोकळ आहे.

वाफा अर्धा भरला. काही नाही. पाऊण भरला. काही नाही. आणि मग पलीकडच्या कोपऱ्यात एक बुडबुडा आला. त्यामागून दोन. त्यामागून माळच लागली. तो कोपरा माझ्या खिळ्यांचा. हजार पावलांनंतर मी तिथेच वळत होतो.

हिराजीचा चेहरा उतरला. "सायेब," तो म्हणाला, टोमणा न मारता, "तिकडं जा. टाच लाव."

मी पाण्यात शिरलो. गुडघाभर पाण्यात टाचेने चाचपलं. एका जागी तळवा आत गेला. तिथे सगळं वजन टाकलं. बुडबुडे आले, थांबले.

"आता काय करू?"

"काय न्हाय. उभा र्‍हा. हालू नको. माती बसू दे."

पाणी भरलं, फळी पडली. मंडळी बांधावर भाकऱ्या सोडून बसली. मी उभाच. बगळे येऊन माझ्या आजूबाजूला उभे राहिले; आता त्यांना मी परका वाटत नसावा. चालण्यासाठी आठवड्याची रजा घेऊन आलेला मी, उन्हं उतरेपर्यंत एका पायावर भार देऊन निश्चल उभा होतो, आणि एवढं महत्त्वाचं काम मी नोकरीत एकदाही केलेलं नाही. बायजाबाईंनी पाण्यात येऊन भाकरीचे तुकडे मला हातात आणून दिले. "वजन कमी व्हाया नको," म्हणाल्या.

संध्याकाळी हिराजीने मला बाहेर काढलं. वाफ्यात एक काठी रोवली आणि पाणी जिथपर्यंत होतं तिथे कोयतीने खूण केली. "सकाली कलंल."

सोमवार

साडेदहाची गाडी होती. मी कपडे करून, बॅग घेऊन मिठागरावर गेलो. धुकं होतं. हिराजी आधीच पाण्यात उतरला होता. त्याने काठीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मी बांधावरून वाकून बघत होतो.

पाणी खुणेला लागून होतं.

"हाय पानी," हिराजी म्हणाला, आणि मुंडासं सोडून तोंड पुसू लागला. घाम येण्यासारखी हवा नव्हती.

शेजारचा वाफा तसाच पडला होता, पावसाळ्याचा गाळ घेऊन. बायजाबाई पदर खोचून त्यात उतरल्या, त्यांच्यामागून बाकीची माणसं. भाऊ अजून लंगडत होता. रांगेत सर्वांत पुढची जागा मोकळी होती.

"सायेब, गारी?" बायजाबाईंनी विचारलं.

"दुपारची असते," मी म्हटलं.

बॅग बांधावर ठेवून मी खाली उतरलो. मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला, आणि रांग चालू लागली.